झाकणावरचं कुंकू

श्रीगोंदा, मंगळवार, ऑक्टोबर १९९८

सुऱ्या असं करेल? कॉम्प्युटर क्लास आम्ही दोघांनी मिळून काढला, म्हणून जास्त लागतंय. परवा म्हणाला, "मोडेमचं कार्ड म्या सोता बसवून बघितलं. लिनक्सवर झ्याक चालतंय." त्या शब्दावर मी काल विंडोज पुसून त्याजागी लिनक्स टाकलं. आणि उद्या पोरांना इंटरनेट दाखवायचं कबूल करून बसलोय!

आज कार्ड बसवायला क्लासच्या एकुलत्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट पुढ्यात ओढलं, तर झाकणाच्या फटीवर आईनं दसऱ्याला ओढलेलं कुंकवाचं बोट तसंच्या तसं, वाळून घट्ट. म्हणजे दसऱ्यानंतर आणलेल्या या कार्डासाठी झाकण उघडलंच नव्हतं. तरी कार्ड बसवलं. लिनक्सनं ओळखलंच नाही. ते फक्त विंडोजवर चालणारं निघालं.

"राहून गेलं" म्हणाला असता तर मी काय खाल्लं असतं का त्याला? पण संध्याकाळी आला आणि पुन्हा तेच, "बसवून बघितलं हुतं." मी कुंकवाचं विचारलं. तर म्हणतो कसा, "काकूंनी परत लावलं असंल."

आई चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं माझा कप ठेवला आणि त्याचा तसाच आत नेला.