पंप ठणठणीत आहे

सोमवार, सकाळी ६.१०
ही वही माझी. कुणी वाचायची नाही.
छाती जड. दरदरून घाम. पित्तच. बायकोचं एकच पालुपद, दवाखान्यात चला. तीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त करतोय, बिघाड कुठे हे आता ही मला शिकवणार! संकल्प: तळलेलं बंद.

९.३०
डावा हात ठणकतोय. कालचा जाम नट, दुसरं काय. त्यात मेहुण्याचा फोन, ईसीजी काढा म्हणून. म्हणजे हिने चुगली केली. ज्याला नळाचा वॉशर बदलता येत नाही त्याने मला अक्कल शिकवू नये. फोन आपटला.

दुपारी १२
स्वतःच टेस्टिंग केलं. चार मजले चढलो. तिसऱ्यावर बसलो, पण पायऱ्याच बेअक्कल माणसाने बांधल्यात. पंप ठणठणीत.

४ वाजता
एका गिऱ्हाइकाला झाडलं. पंप दोन दिवस घरघरतोय आणि हा आज उगवतो. आवाज बदलला की त्याच क्षणी बोलवायचं, उशीर केला की मोटर जळते, हे लोकांना कळणार कधी? दुखणं वाढलंय. रागाने.

मंगळवार, सकाळी ७
आडवं झालं की दम लागतो. उशा भिकार आहेत. बायकोने मला न विचारता गाडी बोलावली.

बुधवार, हॉस्पिटल
हार्ट अटॅक म्हणे. काल स्टेंट टाकला. त्याआधी डॉक्टरने विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, आज सातपासून. बायकोने पिशवीतून ही वही काढून त्याच्या हातात दिली. माझी वही! घरचा भेदी. मी वेळासुद्धा किती चोख लिहिल्यात.

शुक्रवार
हृदयाचा एक भाग मेलाय. पंपिंग तीस टक्के. फुप्फुसात पाणी साठलंय, प्यायचं पाणी मोजून. जन्मभर लोकांची तळघरं उपसली आणि माझ्याच घरात पाणी! डॉक्टरवर भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "सोमवारी सकाळीच आला असतात, तर बराच भाग वाचला असता."
तो गेल्यावर मी बायकोवर तोंडसुख घ्यायला वळलो. तिने विचारलं, "तीस टक्क्यांवर आलेला पंप दुरुस्त होतो ना हो?"
दुकानाचा फोन तीच उचलते. असा पंप आपण दुरुस्तीला घेत नाही, हे गिऱ्हाइकांना तीच सांगते.
मी म्हटलं, होतो.