म्हाताऱ्या मेंढीचं कातडं

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. मी आता सोलापुरात एका कॉलेजात शिकवते आणि उरलेला वेळ तिथल्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या मानेत घालवते. एवढं शिकून लेक पुन्हा मेंढ्यांतच आली, म्हणून तुम्ही हसला असता. मेंढीच्या मानेत मणक्याच्या वरून एक जाड पिवळा पट्टा जातो. तो शिजत नाही म्हणून मटणवाला फेकून देतो, माझ्यासाठी मात्र डब्यात ठेवतो आणि दर वेळी विचारतो, "मॅडम, ह्याचं कालवण करताव व्हय?" मेंढी दिवसभर खाली मान घालून चरते आणि तरी मान वर घेताना तिला कष्ट पडत नाहीत, ते या पट्ट्यामुळे. ताणला की तो आपोआप मूळ जागी येतो. आम्ही तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तापवतो. बाकी सगळं विरघळतं आणि मागे राहतं ते इलॅस्टिन. त्याचे पातळ पापुद्रे करून भाजलेल्या कातडीवर किंवा बिघडलेल्या रक्तवाहिनीला ठिगळासारखे लावता येतील का, हे मी बघते आहे. अजून जमलेलं नाही. माणसाच्या कातडीत, फुप्फुसात, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीतही हेच असतं. श्वास सोडला की फुप्फुस मिटतं, ठोक्यासरशी फुगलेली धमनी परत बसते, ती याच्या जोरावर. शरीर ते बहुतेक सगळं लहानपणीच करून ठेवतं आणि जन्मभर तेवढ्यावर भागवतं. उन्हाने, विडीच्या धुराने, वयाने ते तुटत जातं आणि पुन्हा नीट भरून येत नाही. तुम्ही जन्मभर उन्हात होतात, आणि विडी तर कानावर असायचीच. वर्गात मी हे न अडखळता सांगते. फक्त चिमट्याचा भाग आला की फळ्याकडे तोंड करते.

चिमटा तुम्हीच शिकवलात. मी सात-आठ वर्षांची असेन. "कातडं चिमटीत धर, वर वढ आन् सोड. झटक्यात बसलं तर जनावर बरं हाय. उभंच ऱ्हायलं तर पानी कमी पडलंय." तुम्ही गेलात त्या उन्हाळ्यात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मैंदर्गीजवळच्या आपल्या घरी आले होते. आई नको म्हणत असताना दादा तुम्हाला कोकरं विकायला बाजारात घेऊन गेला, कारण भाव ठरवायला त्याला तुम्ही हवे होतात. दुपारी परतलात ते धापा टाकत. भिंतीला टेकून बसलात, आडवे व्हायला तयार नव्हतात. पाय सुजले होते. ते मी पाहिलं आणि चालून सुजले असतील असं धरून चालले. दादा मोटारसायकल काढून उभा आहे, अक्कलकोटच्या दवाखान्यात नेतो म्हणतोय. मी तुमच्या हाताला चिमटा काढते. कातडी वर येते आणि तशीच उभी राहते. "थांब," मी दादाला म्हणते, "ऊन लागलंय, पाणी कमी पडलंय." आई म्हणते, "ऐक तिचं, शिकलीय ती." मीठ-साखर घालून मी तुम्हाला तांब्याभर पाणी पाजते, मग दुसरा तांब्या. तिसऱ्याला तुम्ही हात आडवा धरता. "बास की गं. लई दाटतंय." मी तो हात बाजूला करते आणि पाजते. ऊन कलता कलता तुमच्या तोंडाला फेस आला. दादा गाडी चालवत होता, मी मागून तुम्हाला कव घालून धरलं होतं, आणि वाटेत कधीतरी तुमचा भार वाढला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हृदय आधीच थकलेलं होतं, फुप्फुसात पाणी भरलं. दादा तेव्हा बाहेर बसला होता. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, ऊन लागलं.

पुढे वर्षभरातच एका पुस्तकात वाचलं. म्हाताऱ्या माणसाच्या हाताची कातडी चिमटा काढल्यावर उभीच राहते, अंगात पाणी असो वा नसो, कारण तिला परत ओढून घेणारं इलॅस्टिन उरलेलं नसतं. आणि थकलेल्या हृदयाला मीठपाणी झेपत नाही. मला हे माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण दहा-बारा वर्षांची असताना मी एका म्हाताऱ्या मेंढीला चिमटा काढून तिच्यासाठी बादली घेऊन धावले होते, आणि तुम्ही बादली हिसकावून घेत सगळ्यांदेखत ओरडला होतात, "म्हातारीचं कातडं काय बगतीस? ते तसंच ऱ्हातं. तिचं डोळं बग, तोंड बग, धाप बग." मी दिवसभर फुगून बसले होते. तुमच्या शिकवणीतलं सोपं तेवढं मी लक्षात ठेवलं आणि रागावून सांगितलेलं विसरले. ते पाणी दिलं नसतं तर तुम्ही वाचलाच असतात, असं नाही. पण दोन तास आधी दवाखान्यात पोचला असतात, हे नक्की.

तेराव्याला आई दादाला म्हणाली, "तूच न्हेलंस त्यास्नी उन्हात." पुन्हा कधी तसं म्हणाली नाही, पण शब्द मागेही घेतला नाही. तेव्हापासून दादाने पायात चप्पल घातलेली नाही, वैशाखातल्या डांबरावरसुद्धा. लोकांना वाटतं नवस आहे. आई गेली, तरी तो अनवाणीच. आता त्याला शुगर आहे, टाचेला जखम झालीय आणि ती भरत नाही, म्हणून तो महिनाभर माझ्याकडे सोलापुरात राहतोय. डॉक्टर म्हणाले, चप्पल घातली नाही तर पाय हातचा जाईल. याने मान हलवली. घरी आल्यावर म्हणाला, "आबा गेले माज्यामुळं. पायाचं काय घिऊन बसलीस?" रोज सकाळी मी त्याची जखम धुते, पट्टी बांधते. रोज ठरवते की आज सांगायचं. काल त्याने विचारलं, "पाय काढावा लागंल व्हय गं? तू म्हनशील तसं करू." मी म्हणाले, बघू. आत्ता तो पलीकडच्या खोलीत बसलाय आणि मी इथे बसून तुम्हाला लिहिते आहे. हे कागद कुठेही जाणार नाहीत, खरं तर ते त्याच्या हातात द्यायला हवेत. आबा, सगळं कळल्यावर तो मोडून पडेल म्हणून मी गप्प आहे, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्याच्या पायापेक्षा त्याच्या नजरेतला माझा मान मला जास्त मोलाचा वाटत आला. तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणून तर हे तुम्हाला लिहिता आलं.