गाड्या आधी उतरतात

प्रिय वन्सं,

"बेटावर भटकून या, सगळं सुरळीत होईल," म्हणून तुम्ही स्वतःची गाडी दिलीत. तुमचा भाऊ खरंच गोड वागला. गावोगावी थांबून समुद्र दाखवला. आज सकाळी तर लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने माझी बॅग भरली. मी, वेडी, हुरळून गेले. म्हटलं, "घड्या किती छान घातल्यास!"

परतीच्या, गाड्याही नेणाऱ्या बोटीत ड्रायव्हर खाली गाडीतच बसतो आणि प्रवासी वर. पलीकडे गाड्या आधी उतरतात. मी धक्क्यावर आले तेव्हा गाडी नव्हती. भिंतीला टेकवलेली माझी बॅग होती. रक्तदाबाच्या गोळ्या मला चटकन सापडाव्यात म्हणून त्याने बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या होत्या.

मघाशी तुमचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, "तो गाडी लावायला गेलाय."

अजून तरी तुमची,
वहिनी