रिकाम्या जात्यावरची पाचवी ओवी

प्रिय हेलनताई,

तुम्ही गेल्याला चार वर्षं होऊन गेली आणि मी आज पत्र लिहायला बसले आहे. लढाईच्या धामधुमीत तुमची बोट बुडाली, हे इथे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. तेव्हा लिहावं असं वाटलं नाही. आज लिहावं लागतंय, कारण आठ दिवसांपूर्वी तुमच्या धाकट्या बहिणीचं, रूथचं, पाकीट भोरच्या टपालात आलं.

आत तुमच्या माघारी छापलेलं पुस्तक आणि एक चिठ्ठी. पुस्तकातली शेवटची कविता तुम्ही बोटीवर चढण्याआधी मुंबईहून तिला धाडली होती म्हणे. ती विचारते, कवितेतली ही ओवी गायली कोणी? मराठी जाणणाऱ्या एकाकडून मी तिचा अर्थ लावून घेतला; तो माझ्या बहिणीला निघण्याआधी ठाऊक होता का?

उत्तर मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. आधी तुमच्याशी बोलल्याशिवाय तिला काय लिहायचं ते ठरणार नाही.

तुम्ही भोरात आलात त्या तुमच्या इंजिनिअर भावाकडे. भाऊ बदलून गेला आणि तुम्ही दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलात. गावाला वाटलं, मडमेचं डोकं फिरलंय. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? रस्त्याने पुटपुटत चालायचात, बोटांवर काहीतरी मोजायचात. मी मुलींच्या शाळेतली मास्तरीण, तुम्हाला मराठी शिकवायला येऊ लागले तेव्हा कळलं की ते शब्दांचे ठोके होते. विलायतेत तुमची कवितांची दोन पुस्तकं निघाली होती. आठवडाभर खपून आठ ओळी लिहायच्या आणि त्यातल्या सहा खोडायच्या, यालाही काम म्हणतात हे मी तुमच्याकडे पाहून शिकले.

हाताने केलं नाही, कानाने ऐकलं नाही ते लिहायचं नाही, हा तुमचा हट्ट. भातलावणीवर लिहायचं म्हणून उत्रोलीच्या खाचरात उतरलात आणि खेकड्याने अंगठा धरला. बायका हसून हसून चिखलातच बसल्या. तुम्ही मात्र एका पायावर उभ्या राहून विचारत होतात, "ह्याला मराठीत काय म्हणतात?" कवितेत पुढे खेकडाच आला, लावणी राहिली बाजूला.

हाच हट्ट वेल्ह्यात नडला.

आई अत्यवस्थ असल्याची तार आली आणि तुमचं परत जायचं ठरलं. जाण्याआधी जात्यावरच्या ओव्या ऐकायच्याच, असं तुम्ही घेऊन बसलात. आमच्या शाळेच्या शिपाईणीची आई, भागूबाई, वेल्ह्यात राहायची. नसरापूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. पोचेपर्यंत दुपार कलली. तिचं दळण पहाटेच उरकलेलं, सुपात दाणा नाही. आणि जातं फिरल्याशिवाय ओवी सुचत नाही म्हणाली. शेजारून मूठभर नाचणी आणायला ती उठलीसुद्धा होती. मीच तिला बसवलं. गाडीवान बाहेर घाई करत होता. म्हटलं, नुसतंच फिरवू, पाच मिनिटांचं तर काम आहे.

"रिकामं जातं फिरवू न्हाई, मास्तरीनबाई," ती म्हणाली. "दाना न्हाई गावला, तर ते दुसरं कायतरी दळतं."

मी हसले. शिकलेली ना मी. खुंटा धरला आणि फिरवायला लागले.

पाहुणीचा मान राखायचा म्हणून भागूबाईने चार ओव्या म्हटल्या. सासर, माहेर, भाऊ, भाचा. तुम्ही वहीत उतरवून घेत होतात. रिकाम्या दगडाचा आवाज निराळाच होता, झोपेत कुणी दात खावेत तसा. मग पाचवी आली.

*रिकाम्या जात्यावरी, सये, दळीते तुझं नाव*
*पानी आडवं येईल, न्हाई दिसायचा गाव*

जातं थांबलं. खाली पांढरी भुकटी पडली होती. दगडाचीच असणार, दुसरं काय? तुम्ही तीत बोट टेकवलंत आणि ते बोट कितीतरी वेळ पुसलं नाहीत.

"शेवटची काय म्हणते?" तुम्ही विचारलंत. गायलेलं मराठी तुम्हाला कळत नाही, अशी माझी समजूत होती. मी म्हणाले, "पाहुणी सुखरूप आपल्या गावी पोचो, असा आशीर्वाद आहे." तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. वहीत काहीच लिहिलं नाहीत.

आता तुमची कविता वाचली. इंग्रजी ओळींमध्ये ओवी तेवढी मराठीतच, अगदी बरोबर उतरली आहे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पण गाणारी म्हातारी नाही. जातं फिरवणारी मास्तरीण डोळे मिटून गाते आणि म्हातारी तोंडाला पदर लावून तिच्याकडे बघत राहते. कवी लोक बदल करतात, असं म्हणून मी पुस्तक मिटलं. पण चैन पडेना. रविवारी वेल्ह्याला गेले.

भागूबाई आता ऐंशीच्या घरात आहे. मी विचारलं, "पाचवी ओवी तुम्हाला कुठून सुचली?"

"पाचवी? म्या चारच म्हनले," ती म्हणाली. "पाचवी तुमीच म्हनला, मास्तरीनबाई. आवाज काय तुमचा नव्हता. म्या भिऊन गप ऱ्हायले."

मी जन्मात ओवी म्हटलेली नाही, हेलनताई. शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवते. परत येताना गाडीत मी माझ्याच तोंडावर हात धरून बसले होते.

घरी येऊन कवितेचा शेवट पुन्हा वाचला. *गाऊन झाल्यावर तिने मला गोड अर्थ सांगितला. खरा अर्थ तिच्या तोंडून यावा, म्हणून मी थांबले आहे.*

निघण्यापूर्वी तीन दिवस तुम्ही रोज शाळेत येत होतात. रोज विचारत होतात, "यमुना, अजून काही सांगायचंय?" मला ते निरोपाचं बोलणं वाटलं. मी सांगितलं, लोणच्यात ओला चमचा घालू नका. तुम्ही हसायचात आणि थोडा वेळ तशाच दारात उभ्या राहायचात.

तुमचा रागही येतो मला. कळलं होतं तर मला खडसावलं का नाहीत? माझ्या तोंडूनच कशाला यायला हवं होतं? आई तिकडे अंथरुणाला खिळलेली, मी सांगितलं असतं तरी तुम्ही गेलाच असतात, असं मी स्वतःला समजावते. मला ते पटत नाही.

रूथला उद्या लिहीन. खुंटा मी धरला, ओवी माझ्या तोंडून आली आणि अर्थ मी बदलला, हे सगळं लिहीन. तिने पुन्हा पत्र धाडलं नाही तरी सोसेन. यापुढे कुणाच्याही वाट्याचं बोलणं गोड करून देणार नाही, हा माझा शब्द. आणि तुम्ही तीन दिवस विचारत होतात त्याचं उत्तर आज देते.

जाऊ नका, हेलनताई.

तुमची,
यमुना