ठमीच्या नावाचं फूल

प्रिय ठमीच्या आईस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच बाजूला टाकशील, हे धरूनच लिहितोय. पण एवढं एक वाच. फोनवर मला हे जमलं नसतं. नेहमीसारखी तब्येतीची चौकशी करून मी फोन ठेवून दिला असता.

परवा बागेतला म्हातारा माळी भेटला. तू अजून महिन्यातून एकदा येतेस, काचघरातल्या त्या उथळ टाकीपाशी उभी राहतेस, पत्र्याची पाटी रुमालाने पुसतेस, म्हणाला. त्याला वाटतं, तू कुठल्या तरी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतेस! मला हसू आलं. पाटीवरच्या त्या नावाचा अर्थ तुला पहिल्यांदा समजावला ते आठवतं? पहिला शब्द ‘उट्रिक्युलारिया’, म्हणजे लहानशी पिशवी. या झाडाला पाण्याखाली मोहरीएवढ्या पिशव्या असतात म्हणून. तो सगळ्या भावंडांचा सामायिक, आपल्या आडनावासारखा. दुसरा शब्द ज्याचा त्याचा. घरात ती ठमी, पण लॅटिनमध्ये ठमी कुठली शोभायला, म्हणून शाळेतलं नाव घेतलं आणि त्याला ‘तिची’ या अर्थाचं लॅटिन शेपूट जोडलं. त्यापुढे रीतीप्रमाणे नाव ठेवणाऱ्याचं, म्हणजे माझं आडनाव. बापलेक बसलात एका ओळीत, मग नऊ महिने पोटात वागवणारी कुठेय, असं तू विचारलंस. मी म्हटलं, नियमात बसत नाही. कसला मेला नियम! तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती मान वळवलीस.

पण तेवढ्या नावावर माझं चाललं होतं गं. परदेशातून कुणाचं तरी पत्र यायचं, त्यात ठमीचं नाव तिरप्या अक्षरांत अगदी बिनचूक छापलेलं असायचं. परीक्षेत पोरं ते पाठ करून लिहायची. दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान काढायचं असतं. कुणी मोठं काढलं की मी ते नाव वीसदा लिहून आणायला लावायचो. खाष्ट मास्तर म्हणून माझी ख्याती झाली. खरं म्हणजे, तेवढंच वीसदा कुणीतरी तिचं नाव घ्यायचं. आपण दोघांनी तर घरात ते घेणंच सोडलं होतं. मूळ नमुन्याच्या कागदावर फूल खुडल्याची तारीख आहे, ती तू कधी वाचली नाहीस. तुला ती वाचायची गरजही नव्हती म्हणा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाची कपाटं वरच्या मजल्यावर न्यायची ठरली. माझ्या खुर्चीमागच्या, कुलूप गंजलेल्या कपाटातून वर्तमानपत्रात बांधलेला एक गठ्ठा निघाला. त्यात तेच फूल. रंग उडालेला, पण पाकळीचा ओठ तोच, मागची सोंड तीच. सोबत एका जुन्या पत्रिकेतलं छापील पान. साठ वर्षांपूर्वीच कुणीतरी त्याचं रीतसर वर्णन करून नाव ठेवून गेलं होतं, ‘पालुस्ट्रिस’. अर्थ काय, तर दलदलीत उगवणारी. बस्स. आमच्यात आधी छापलेलं नाव खरं. नंतरचं कितीही जीव ओतून ठेवलेलं असो, ते खाली जातं, बारीक अक्षरांत, बरोबरच्या (=) चिन्हापुढे. तिथवर कुणी वाचत नाही.

अकरा महिने तो गठ्ठा मी खणात कोंडून ठेवला. काडी लावायचंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण मी निवृत्त झाल्यावर कुणी ना कुणी तो खण उघडणारच, आणि मग तिच्या नावाला बापाची लबाडी चिकटणार. ते मला सोसवलं नसतं. शेवटी लेख मीच लिहिला. तो आता छापून आलाय, आणि सोमवारी माळी पाटी बदलणार आहे. जुनी मला दे म्हटलं, तर म्हणाला, पत्रा तोच साहेब, वरून रंग मारून त्याच्यावरच लिहायचं. तेव्हा जायचं तर शनिवारपर्यंत जाऊन ये.

अर्थात तेवढ्यासाठी दोन ओळींची चिठ्ठी पुरली असती. लिहायचं आहे ते वेगळंच. ताप उतरत नाही, लगेच निघून ये, हा तुझा निरोप मला त्या डोंगरावर वेळेवर मिळाला होता. कळ्या उमलायला दोन दिवस होते, म्हणून मी थांबलो. सकाळी फूल खुडलं आणि दुपारी आपली ठमी गेली. नंतर तू एकदाच विचारलंस, एवढं काय होतं तिथे? मी म्हटलं, आजवर कुणीच न पाहिलेलं फूल. एकोणीस वर्षं मी त्या एका उत्तरावर तग धरला, तुझ्यापुढे आणि माझ्यापुढेही. ते फूल माझ्या खुर्चीमागे चार पावलांवर होतं. किल्ली शोधायचा मला कंटाळा आला होता, एवढंच. आता माझ्याकडे सांगायला काही नाही. माफीही मागत नाही, कुठल्या तोंडाने मागू? मी त्या दिवशी घरी यायला हवं होतं. हे वाक्य मी तुला आजवर एकदाही म्हटलेलं नाही.

तुझा, निदान कागदावर तरी,
ठमीचा बाबा