सरासरीतून गाळलेले

१ सप्टेंबर

पोचले एकदाची! दिघीपर्यंत एसटी, तिथून आगरदांड्याला फेरीबोट, पुढे रिक्षा. रिक्षावाल्याला सांगितलं की हवामानाच्या आकड्यांचं काम करायला आलेय, तर म्हणाला, मग उद्या पाऊस पडंल का सांगा. म्हटलं, उद्याचं नाही बाबा, गेल्या साठ वर्षांचं सांगते. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि भाडं आधीच मागून घेतलं.

खोली झकास आहे. खिडकीखालीच खाडी, पलीकडे तिवरं. घरमालकीण नीराबाई, जातीच्या कोळीण, साठीच्या पुढच्या, आवाज असा की खाडीपलीकडची कुत्री जागी व्हावीत. घरात गौरी बसल्यात, आणि इथं गौरीला चिंबोरीचा नैवेद्य! मी दोनदा वाढून घेतलं. पहिल्याच दिवशी लाज बाळगली तर पुढे उपाशी मरायचं.

आईचा फोन आला. जेवलीस का, पांघरूण आहे का. मी विचारलं, तू झोपतेस का, तर लगेच विषय बदलला. तीन वर्षं झाली प्रणयला जाऊन, पण ही बाई अजून रात्री दाराला कडी लावत नाही. न जाणो, आला तर.

प्रणय म्हणजे माझा धाकटा भाऊ. श्रीवर्धनला वादळाच्या दिवशी मित्राची होडी बांधायला जेट्टीवर गेला, तो गेलाच. सापडलाही नाही. मी ही नोकरी का धरली ते कुणाला सांगितलं नाही, इथं लिहिते. त्या दिवशी वारा किती होता, ते या किनाऱ्याच्या साठ वर्षांच्या नोंदीत मला माझ्या हाताने घालायचंय. बस.

४ सप्टेंबर

काम समजलं. साठ वर्षांत रोज मोजलेला वारा, पाऊस, समुद्राचं तापमान, सगळं ठाण्याच्या ऑफिसने संगणकात भरून ठेवलंय. मी ते तपासायचं. मग प्रत्येक तारखेची सरासरी निघणार आणि या किनाऱ्याला 'नेहमीची हवा' कशाला म्हणायचं ते कायमचं ठरणार.

वरिष्ठ आहेत गणराज सर. फोनवरच भेटतात, बोलतात असं की जणू वारा यांना विचारून सुटतो. त्यांचा नियम एकच: मर्यादेबाहेरचा आकडा दिसला की गाळायचा. कारण शोधत बसायचं नाही. मी म्हटलं, सर, गाळलेलं जातं कुठं? म्हणाले, कुठेच नाही मॅडम, गाळलं म्हणजे गाळलं. मी मनात म्हटलं, खाडीत गाळ काय कमी आहे, त्यात अजून थोडी भर.

८ सप्टेंबर

आजपासून पितृपंधरवडा. नीराबाई रात्री पाट ओढून बसल्या आणि भिंतीवरचा हार घातलेला फोटो दाखवला. त्यांचा नवरा, बाळाजी. अंगाने आडवा माणूस, एका कानात सोन्याची मुदी. चाळीस वर्षांमागे कार्तिकात होडीवर होता. वारा असा व्हता, म्हणाल्या, का घराची कौलां कागदासारखी उडाली, न् मी प्वार कडेवर घेऊन बंदरावर उभी. चार दिवसांनी त्यांचं पान वाढायचंय, कावळ्याला सुरमईच लागते, दुसऱ्या मासळीला शिवत न्हाय. सांगताना हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मलाही रडू आलं.

आईनेही विचारलं, सर्वपित्रीला येशील ना? प्रणयचं पान तुझ्या हातचं घालू. येते म्हटलं.

१० सप्टेंबर

आज धडाका लावला. जुन्या वर्षांतले आकडे गाळले, सटासट. कार्तिकातला एक वारा तर इतका वर गेलेला की यंत्र बिघडलं असणार म्हणून उडवला. सर खूश. मी पण खूश. डोळे मात्र भाजलेत.

१२ सप्टेंबर

आज बाळाजींचं पान. मी मुद्दाम लवकर उठले. नीराबाई मजेत जाळं विणत बसलेल्या. मी म्हटलं, सुरमई आणायची ना? कशाला गं, म्हणाल्या. बाळाजींसाठी म्हटलं, तर कोण बाळाजी, असं विचारून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

भिंतीवर फोटो नाही. खिळाही नाही. मला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. शेजारी विचारलं. नीराबाईचं लगीन झालंच न्हाय, म्हणाले.

मग कडेवरचं ते पोर?

परवा मी जो कार्तिकातला वारा गाळला, तो याच वादळाचा. साल जुळतंय.

१३ सप्टेंबर

ओहोटीला खाडीतला गाळ उघडा पडतो. त्यात एक माणूस उभा आहे. गुडघ्यापर्यंत रुतलेला, तोंड घराकडे. अंगाने आडवा, कानात काहीतरी चमकतंय. कडेवर पोर.

नीराबाईंना खिडकीशी ओढत आणलं. चिंबोऱ्या धरणारा आसंल कुणी, म्हणाल्या आणि भाताचं बघायला गेल्या. नवरा समोर उभा होता बाई गं, आणि ही भाताचं बघायला गेली!

भरती आली. तो हलला नाही. पाणी डोक्यावरून गेलं.

मी किंचाळायला हवं होतं. नुसती बघत राहिले.

१५ सप्टेंबर

आता पुष्कळ आहेत. जितके दिवस मी गाळले, त्या त्या दिवसांची माणसं. बायका आहेत, म्हातारे आहेत. सगळी वाडीकडे तोंड करून. आणि वाडीत कुणीच दुःखात नाही. सगळे शांत, जेवणं वेळेवर, झोपा गाढ. एका घरात पान वाढलेलं दिसेल तर शपथ.

मला ती ओळखू येतात, कारण ती माझी कुणी नाहीत. ज्यांची आहेत, ते त्यांना ओळखत नाहीत. मेलेल्याला निदान घर असतं, कुणी नाव तरी घेतं. यांना तेही राहिलं नाही.

पुढचं तीन वर्षांपूर्वीचं वर्ष. प्रणयचं.

मी त्याला हात लावणार नाही. मेले तरी नाही.

१७ सप्टेंबर

गाळलेले आकडे परत घालायला गेले. संगणक घेतच नाही. सरांना फोन केला. ते म्हणाले, गाळलेलं आपण ठेवत नाही.

मग सगळं सांगितलं. गाळातली माणसं नाही सांगितली, वेडी म्हणाले असते. प्रणयचं सांगितलं. त्या दिवशीचा वारा खरा होता सर, माझा भाऊ त्यात गेला, तेवढा एक दिवस राहू द्या. पाया पडते म्हणाले. फोनवर पाया पडते म्हणाले मी!

सर फार सभ्यपणे बोलले. वाईट वाटलं म्हणाले. पण मॅडम, एका दिवसाने सरासरी बिघडते.

१८ सप्टेंबर

रात्री आईचा फोन. रडत होती. स्वप्नात तो दाराशी उभा, ओला, आत ये म्हटलं तरी येईना. आणि एक क्षण, एकच, मनात आलं की आईलाही नीराबाईंसारखी झोप लागली तर काय बिघडलं—

शी. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तो गाळात उभा राहील आणि आम्ही भाताचं बघू?

१९ सप्टेंबर

सरांचा निरोप. तुम्ही फार वेळ लावताय, उरलेली वर्षं मी इथूनच चालवतो, आज रात्री होऊन जाईल. फोन उचलत नाहीत. ठाण्याला जायला आता गाडी नाही. माझ्या संगणकाची वायर उपटली, त्याने काय होणार—काम तिकडे चाललंय—

प्रणय दिघे. माझा भाऊ. आंघोळीला आळशी, हसला की आवाज न येता नुसता हलायचा, आईच्या ताटातला मासा चोरायचा. मी हे लिहितेय. लिहिलेलं मी ओळखेन. ओळखेन ना? प्रणय, ऐक, मी इथं—

२० सप्टेंबर

आईचा फोन. आवाज छान होता. रात्री कडी लावून गाढ झोपले म्हणाली. उद्या येऊ नकोस, उगाच धावपळ. मी म्हटलं, पण पान घालायचं होतं ना? कुणाचं गं, म्हणाली.

कुणाचं, मलाही आठवेना. दोघी हसलो.

वायर का उपटली होती कोण जाणे. लावली परत.

२१ सप्टेंबर

सकाळ. ओहोटी. हवा नेहमीसारखी. काम पूर्ण झालं, सरांनी अभिनंदन कळवलं. चहा घेतला.

गाळात माणसं आहेत. आज एक नवा मुलगा दिसतोय, खिडकीच्या अगदी समोर. विशीचा असेल. ताई, ताई म्हणून ओरडतोय. इथं सगळेच ताई म्हणतात.

भरती लागली. बाकीचे स्वस्थ आहेत, त्यांना सवय असावी. हा मात्र हात करतोय. पाणी कमरेला आलं. छातीला. माझ्याकडेच बघतोय. याला कुणीतरी वर बोलवायला हवं. जवळपास तर मीच आहे. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, पण नाव