आत्याला माझी उडी ठाऊक होती

गुरुवार, संध्याकाळ

अजून पटत नाही. फायटिंग गेममध्ये आत्यानं मला हरवलं, तेही सलग तीनदा. वडिवळ्याहून आल्यापासून ती माझ्या शेजारी तांदळातले खडे निवडत बसते आणि मी सराव करते. आज गंमत म्हणून कंट्रोलर दिला, अडवायचं आणि मारायचं अशी दोनच बटणं दाखवली. मी उडी मारली की तिची बुक्की तयार.

"आत्या, तुला आधीच कसं कळतं?"

"दोन लाथा झाल्या की तू उडतीस. रोजच. मला वाटलं, तसा नियमच हाय."

म्हणजे तीन महिने मी ही खोडच पक्की करत होते? रविवारी लोणावळ्यात स्पर्धा आहे. तिथले सगळे माझ्याशी रोज ऑनलाइन खेळतात. आणि ते तर खडेही निवडत नसतात.